जिलबीवाल्याची वेळ

आईचा फोन आला तेव्हा मी जळगावात कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर चपला घालत होते. ती म्हणाली, "भाऊ गया, बाई." आणि मग तिच्या सवयीप्रमाणे ती उलटी सांगत गेली. आधी दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते. मग रिक्षात बसताना मामानं शर्टाचं वरचं बटण स्वतःच लावलं ते. मग दुपारी जेवताना त्यानं अर्धी भाकरी तशीच ठेवली ते. आणि सगळ्यात शेवटी, सकाळी तो अगदी चांगला होता, गच्चीवरच्या तुळशीला पाणी घालून खाली आला आणि चहात साखर कमी आहे म्हणून मामीशी भांडला, ते. फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मामा गच्चीवर तांब्या घेऊन उभा होता. पारोळ्याच्या बसमध्ये बसेपर्यंत तो तसाच उभा राहिला...

आईला ही उलटं सांगायची सवय मामामुळेच लागली आहे. म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते.

माझा मामा मधुकर. गावात सगळे त्याला मधुभाऊ केबलवाले म्हणायचे. अशा माणसांवर पुरवणीत लेख येतात का, हे मला नक्की माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे काय लिहून पाठवायचं असतं, हे विचारायलाही घरात कुणी नाही. असं काही अडलं की मी मामाला विचारायचे. त्याला स्वतःला त्यातलं काही कळायचं नाही, पण तो "थांब, विचारून येतो" म्हणायचा आणि खरंच दोन ठिकाणी विचारून यायचा. मी कोणती शाखा घ्यावी हे त्यानं बसस्टँडवरच्या कंट्रोलरलासुद्धा विचारलं होतं. या लेखाचं मात्र कुणालाच न विचारता लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मामाच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी त्या खोलीतून गावभर केबलच्या वायरी निघाल्या. मोठमोठी चॅनलं तर त्यावर दिसायचीच, पण एक चॅनल मामाचं स्वतःचं होतं. त्यावर काय लावायचं आणि कधी लावायचं, हे तो एकटा ठरवायचा. आज मोबाइलवर हवं ते हव्या वेळी बघणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. मला मात्र याचंच फार कुतूहल वाटत आलं आहे. एक माणूस गच्चीवर बसून ठरवतो की आता सगळ्या गावानं हे बघायचं. ते तो कशावरून ठरवत असेल?

पहिलं उत्तर मला आईकडून मिळालं होतं, ते म्हणजे विजेवरून. तेव्हा भारनियमन जोरात होतं आणि वीजवाल्यांनी गावाचे दोन भाग केले होते, एक किल्ल्याकडचा आणि एक बाजाराकडचा. सकाळी किल्ल्याकडे वीज असायची. भर दुपारी ती तिकडून जायची आणि बाजाराकडे यायची. मामाच्या खोलीत बॅटऱ्या होत्या, त्यामुळे त्याचं चॅनल सुरूच असायचं, पण रोजचा सिनेमा नेमका या जाण्यायेण्याच्या मध्ये सापडायचा. किल्ल्याकडची माणसं मध्यंतरापर्यंत बघायची आणि पंखे बंद पडायचे. बाजाराकडे पंखे सुरू व्हायचे तेव्हा मध्यंतर होऊन गेलेलं असायचं. दोन्हीकडून तक्रारी यायला लागल्या. तेव्हा मामानं ठरवलं की प्रत्येक सिनेमा दोन दिवस लावायचा, पहिल्या दिवशी सरळ आणि दुसऱ्या दिवशी मध्यंतरानंतरचा भाग आधी. किल्ल्याकडच्यांची चांगली सोय झाली, त्यांना आज सुरुवात दिसायची आणि उद्या शेवट. बाजाराकडच्यांना मात्र आज शेवट दिसायचा आणि उद्या सुरुवात.

आणि हे त्यांनी चालवून घेतलं. मला याची गंमत वाटते की कुणी फार भांडलंसुद्धा नाही. बाजाराकडच्या बायका पहिल्या दिवशी कोण मेलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं ते बघून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी धुणी लवकर उरकून बसायच्या ते असं का झालं हे बघायला. आमची आई लग्न होईपर्यंत याच बाजूला वाढली. ती म्हणते, हीच पद्धत बरी होती. माणूस मरणार हे एकदा कळलं की आदल्या भागातलं त्याचं हसणं नीट बघितलं जातं. मामी मूळची किल्ल्याकडची. ती कुठलीही गोष्ट अगदी सुरुवातीपासून, नीट सांगायला घेते आणि मध्येच उठून कामाला जाते. मामा म्हणायचा, त्यांच्याकडची लाइट गेली.

त्याच्या वेळापत्रकात असं बरंच काही होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका दिवेलागणीला घरी यायच्या, म्हणून तेवढे दिवस देवाची भजनं सकाळऐवजी संध्याकाळी लागायची आणि पुजारी नाराज व्हायचा. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सिनेमा पूर्ण बंद. गावातल्या पोरांनी त्याबद्दल त्याच्या सायकलची हवा सोडून दिली होती. मामा स्वतः दहावीत अडकलेला, म्हणून असेल. आणि एक पुठ्ठा होता. जेवायला किंवा तुटलेली वायर जोडायला जायचं असलं की कॅमेऱ्यासमोर तो पुठ्ठा उभा करून मामा जायचा. त्यावर काळ्या शाईनं लिहिलेलं होतं, 'थांबा, येतोय.' एकदा तो पुठ्ठा लावून तो भडगावला एका लग्नाची शूटिंग करायला गेला आणि कॅसेट लावायची विसरूनच गेला. संध्याकाळी परत आला तर कोपऱ्यावरच्या पानटपरीत चार जण अजून पुठ्ठा बघत बसले होते. येतोय म्हणतोय तर येईलच, असं त्यांचं म्हणणं.

पण ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ती भाऊबीजेची आहे.

दर भाऊबीजेला आई आणि मी मामाकडे यायचो. ओवाळणं व्हायचं, जेवणं व्हायची, आणि दुपारी सगळे पाय पसरून बसले की मामाच्या चॅनलवर एक लग्नघर दिसायला लागायचं. मांडवात पंगत बसलेली, हळदीच्या दिवसाची असावी, कारण सगळ्यांच्या कपड्यांवर पिवळे डाग होते. आवाज अजिबात नाही. एक सडपातळ पोरगा, बाह्या दुमडलेल्या, हातात जिलबीची परात घेऊन पंगतीतून फिरायचा. पानात हात आडवा धरणाऱ्यांनाही वाढायचा. एका म्हाताऱ्याच्या पानात त्यानं इतक्या जिलब्या टाकल्या की म्हाताऱ्यानं त्याला काठी दाखवली. मग तो थेट आपल्याकडे बघून काहीतरी बोलायचा, हसायचा, पाठ फिरवायचा, आणि चॅनलवर पुन्हा नेहमीचा सिनेमा सुरू व्हायचा. बस, एवढंच. दर वर्षी तेच, त्याच वेळेला.

तो कोण हे गावात कुणी सांगू शकत नव्हतं, पण जिलबीवाला म्हणून तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. भाऊबीजेला दुपारी जिलबी आणायची असं आमच्या गल्लीत ठरूनच गेलं होतं. बाजारातला हॉटेलवाला त्या दिवशी आधीच कढई चढवून ठेवायचा आणि मधुभाऊ आपली जाहिरात फुकट करतात म्हणून मामाला चहा पाजायचा. हे का लागतं यावर मात्र प्रत्येकाचं मत वेगळं होतं. मामी म्हणायची, मामानं केलेली ती पहिली शूटिंग असणार, त्याला तिचं कौतुक आहे. आई म्हणायची, पुरणपोळी जास्त झाली की भाऊ हाताला लागेल ती कॅसेट लावून झोपतो. मी एकदा गच्चीवर जाऊन त्याला विचारलं होतं. त्यानं माझ्या वेणीची रिबीन सरळ केली आणि म्हणाला, "फर्माइश शे कोणीतरी करेल." कुणीतरी केलेली फर्माइश आहे.

मी तेव्हा लहान होते, मला ते उत्तर पुरलं.

नंतर घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि मामाचं चॅनल बंद झालं. वायरी उतरल्या. मामानं रिचार्जचं छोटं दुकान टाकलं. गच्चीवरची खोली तशीच राहिली, पुठ्ठ्यासकट. पण त्यानंतरही दर भाऊबीजेला, ओवाळून जेवणं झाली की मामा वर जायचा, एक जड पिशवी घेऊन खाली यायचा आणि स्कूटर काढायचा. आई विचारायची, सणाच्या दिवशी उन्हात कुठे. तो म्हणायचा, "लाइन देखी येस." लाइन बघून येतो. आता कुठली लाइन उरली होती? मामी कपाळाला हात लावायची. आई म्हणायची, सवय आहे, जाऊ दे. तासाभरानं तो यायचा, पिशवी वर ठेवायचा आणि झोपायचा. आम्ही सगळ्यांनी ते तसंच सोडून दिलं. घरातल्या माणसाच्या अशा गोष्टी आपण विचारत नाही, नाही का... मी कॉलेजात गेल्यावर एका नोंदवहीत गावाबद्दल विचारायचे प्रश्न लिहून ठेवायला लागले होते. त्यात हा प्रश्न नव्हताच.

मामा नवरात्राच्या थोडं आधी गेला. दसऱ्याला दर वर्षी तो गच्चीवरच्या यंत्रांना हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवायचा, चॅनल बंद झाल्यावरही. या वर्षी खोलीचं दारसुद्धा कुणी उघडलं नाही. दिवाळी आम्ही केली नाही. पण भाऊबीजेच्या दिवशी आई सकाळीच म्हणाली, वहिनी एकटी असेल, आपण जाऊ. ताट घेतलं नाही. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मला माहीत होतं की ती काय विचार करते आहे, कारण आदल्या दिवशी तिनं शेजारणीला सहज विचारावं तसं विचारलं होतं की ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात ना, ते संध्याकाळी किती उशिरा.

दुपारी मामीनं खिचडी टाकली होती. दार वाजलं. बाहेर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, हातात रुमालानं झाकलेलं ताट. मामीनं त्यांना ओळखलं, त्या मामाच्या तिसऱ्या दिवशीही येऊन बायकांमध्ये मागे बसून गेल्या होत्या, किल्ल्याकडच्या कुणी अक्का, एवढंच. अक्का आत येईनात. उंबऱ्यातच म्हणाल्या की आज यायला नको होतं, तुमच्याकडे अजून दुःख ताजं आहे, मला कळतं. पण दर वर्षीप्रमाणे ताट करून बसले, वेळ झाली, आणि मग लक्षात आलं की आता पिशवी घेऊन कोण येणार.

आईनं त्यांना हाताला धरून आत घेतलं. मग जे कळलं ते त्यांनी थोडं थोडं सांगितलं. आईसाठी त्यांनी ते शेवटाकडूनच सांगितलं असं मला वाटलं, पण किल्ल्याकडच्या असून कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

जिलबीवाला त्यांचा धाकटा भाऊ, हिरामण. अक्कांचं माहेर भडगावचं. त्यांच्या लग्नाची शूटिंग करायला मामाच गेला होता. लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात हिरामण काविळीनं गेला. त्याचे फोटो दोन, आणि दोन्हीत डोळे मिटलेले. चालता-बोलता तो फक्त त्या कॅसेटमध्ये होता. पण सासरी व्हीसीआर नव्हता, आणि असता तरी सणाच्या दिवशी गेलेल्या भावाचं नाव काढून डोळ्यांत पाणी आणलेलं सासूबाईंना चालायचं नाही. लोक तेव्हा मामाला फोन करून गाण्याची, सिनेमाची फर्माइश करायचे. अक्कांनी एका भाऊबीजेला शेजारच्या घरून फोन केला आणि विचारलं, माझी कॅसेट आहे का तुमच्याकडे, तिच्यातला माझा भाऊ लावाल का. घरात सगळे बसलेले असताना टीव्हीवर आपोआप लागला तर त्याला कोण काय बोलणार? सासूबाईंनी ओळखलं होतं. पण टीव्हीवरच्या गोष्टीला बोलता येत नाही. अक्का पोळ्या लाटता लाटता मान वर करून बघायच्या, आणि देवापुढचं निरांजन उचलून नेताना टीव्हीवरून एकदा फिरवायच्या. वेळ त्या दोघांनी तेव्हाच ठरवून घेतली होती; सणाच्या दिवशी भारनियमन नसायचं, दुपारी किल्ल्याकडेही वीज असायची. पुढे सासूबाई गेल्या. चॅनल बंद झालं त्या वर्षी अक्कांना वाटलं, संपलं. तर दुपारी मामा दारात, पिशवीत व्हीसीआर.

सगळं गाव एका बाईच्या भावाला बघत होतं. इतकी वर्षं. आणि जिलबी खात होतं.

मामी उठली आणि गच्चीवरच्या खोलीची किल्ली घेऊन आली. भंगारवाल्याला तिनं दिवाळीनंतर या म्हणून सांगून ठेवलं होतं, हे ती जिन्यात हळूच माझ्या कानात म्हणाली. खोलीत धुळीचा आणि गरम प्लॅस्टिकचा जुना वास होता. पिशवी खुंटीलाच होती, आत व्हीसीआर, वायरी आणि कॅसेट. मी वायरी तिथल्या छोट्या टीव्हीला जोडल्या, चुकीच्या, मग बरोबर. व्हीसीआरमध्ये कॅसेट गेली, पण पुढे काही हलेना. आतून नुसती घरघर. मी परत काढली, परत घातली. अक्का दाराशीच उभ्या होत्या, ताटावरचा रुमाल दोन्ही हातांनी धरून. त्या म्हणाल्या, राहू दे पोरी, जुनं झालं असेल. तेव्हा मामी पुढे आली, म्हणाली की याला असं नाही, आणि तिनं व्हीसीआरच्या उजव्या कुशीवर तळहातानं एक थाप मारली. पंचवीस वर्षं ती खालून ही थाप ऐकत आली होती.

चित्र आलं. मामाची एक शिस्त होती, बघून झालेली प्रत्येक कॅसेट तो पूर्ण मागे गुंडाळून मगच ठेवायचा, आणि न गुंडाळता परत आणून देणाऱ्यांना फार बोलायचा. मला वाटलं होतं सुरुवातीला गणपती, मग मांडव, मग नवरीची हळद, असं बरंच काही बघावं लागेल. पण ही कॅसेट त्यानं पूर्ण गुंडाळली नव्हती, पंगतीपर्यंतच मागे नेऊन ठेवली होती. ती थेट पंगतीवरच सुरू झाली. हिरामण परात घेऊन आला.

आणि आवाज आला. चॅनलवर तो कधीच नव्हता, म्हणून आम्ही कुणी तो ऐकलेला नव्हता. भांड्यांचा, माणसांचा गलका, आणि त्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक तरणा आवाज:

"ए भो, आठे देख ना." ए भाऊ, इकडे बघ ना.

आई खुर्चीत सरळ झाली. टीव्हीत हिरामणनं म्हाताऱ्याच्या पानात जिलब्या टाकल्या, म्हाताऱ्यानं काठी दाखवली. मग तो आमच्याकडे बघून म्हणाला, "माले कसाले काढस? बहीणले काढ ना." मला कशाला घेतोस, बहिणीला घे ना. आणि तो जवळचा आवाज, हसत:

"बहीणले बठ्ठा देखतीन. तू कोठे दिसशी?"

हिरामण हसला आणि पाठ फिरवून पंगतीत गेला.

बहिणीला सगळेच बघतील, तू कुठे दिसशील. हे मामा कितीतरी वर्षांपूर्वी, मजेत, एका अनोळखी पोराला म्हणाला होता. मामा दर वर्षी आवाज बंद करून ही कॅसेट का लावत होता, ते मला तेव्हा उमजलं. तो त्याचा स्वतःचा आवाज होता, आणि आपण टीव्हीवर यावं हे त्याला कधी पटलं नसतं. आमच्याकडे मामाचे फोटो आहेत. पण त्याचा आवाज कुणीच कुठे धरून ठेवलेला नव्हता. माझ्या मोबाइलमध्येसुद्धा नाही.

आई म्हणाली, "परत लाव. आवाज वाढव."

मी परत लावलं. अक्कांनी रुमाल काढला, निरांजन लावलं आणि हिरामण आमच्याकडे बघत होता तेवढ्यात टीव्हीला ओवाळलं. सराईत हात होता, अगदी वेळेवर. मग त्यांनी ताट आईपुढे धरलं. आईनं ते घेतलं खरं, पण ती घोटाळली. पडद्यावर मामा नव्हता. तो कॅमेऱ्यामागे होता, म्हणजे चित्राच्या अलीकडे, जिथे आम्ही बसलो होतो तिथेच कुठेतरी. ओवाळायचं कुठे, हे तिला कळेना. तिनं एकदा मामीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मग ती खाली वाकली आणि तिनं व्हीसीआरला कुंकू लावलं. मामा दसऱ्याला लावायचा त्याच जागी, समोरच्या बटणांच्या वर. गेल्या वर्षीचा डाग तिथे अजून पुसट लाल होता, त्याच्यावरच नवा लागला. तिनं ताट तीनदा फिरवलं, अक्षता टाकल्या. त्या व्हीसीआरच्या झाकणावर उड्या मारून फटीत गेल्या, आणि मामी म्हणाली, आता पुढच्या वर्षी दोन थापा माराव्या लागतील.

भंगारवाला येऊन गेला. तो गच्चीवरच्या जुन्या बॅटऱ्या घेऊन गेला, बाकी काही नाही. भाऊबीजेच्या त्या दिवशी निघताना कॅसेट काढायच्या आधी मी सवयीनं मागे नेण्याचं बटण दाबलं होतं. फीत फिरायला लागली, तेवढ्यात अक्का "थांब" म्हणाल्या, आणि मी पंगतीच्या सुरुवातीशी ती थांबवली. ती आता तिथेच आहे, पिशवीत, खुंटीवर.